नन्नाकाका आणि मामंजी

नन्नाकाकांनी तोंडाने कधी कुणाला नाही म्हटलं नाही आणि मानेने कधी कुणाला हो म्हटलं नाही. त्यांची मान कायम हलत असायची. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अगदी सावकाश, समोरच्याच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास नसल्यासारखी. काही विचारा, तोंड उघडायच्या आत मान नकार देऊन मोकळी. त्यांच्या वडिलांचीही मान अशीच हलायची. डॉक्टरांनी या प्रकाराला एक लांबलचक नाव दिलं होतं आणि गोळ्याही दिल्या होत्या. काकांनी नाव पाठ केलं नाही आणि गोळ्या न चुकता विसरले. "हलती तं हलू दे," म्हणायचे, "गळून तं न्हाई ना पडली." त्यांचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. आम्ही सगळे त्यांना नन्नाकाका म्हणायचो आणि तेही मान हलवत हलवत ओ द्यायचे.

जुन्या जालन्यातल्या घरापासून नव्या जालन्यातल्या ऑफिसपर्यंत काका वर्षानुवर्षं पायी आले. लोकांना वाटायचं, तब्येतीला जपतात. खरी गोष्ट अशी की रिक्षावाला थांबायचा, "चाचा, टेसन?" म्हणून विचारायचा, मान बघायचा आणि निघून जायचा. काका मागून ओरडत राहायचे, "अरे, यायचंय मला, यायचंय!" एकदा एका रिक्षावाल्याने गाडी न थांबवता डोकं बाहेर काढून सुनावलं, "चाचा, पैले खुद से तो पूछ लो!" ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे आणि सांगताना इतके हसायचे की मान कुठे हलतेय आणि हसू कुठे हलवतंय ते कळायचं नाही.

काकूंचं माहेर जाफराबादचं. तिथे बघण्याच्या कार्यक्रमात चहा-पोहे झाले, आणि काकूंच्या वडिलांनी विचारलं, "मंग, पसंत हाय का पोरगी?" काकांची मान हलली. शेजारी बसलेल्या त्यांच्या वडिलांचीही हलली. बाप-लेक दोघंही मुलीकडच्यांच्या तोंडावर नाही म्हणतायत म्हटल्यावर काकूंचे मामा तावातावाने उठले आणि चपला शोधायला लागले. काका घाबरून उभे राहिले आणि भर बैठकीत ओरडले, "पसंत हाय! बिलकुल पसंत हाय! आमच्या मानेकडं पाहू नका!" आत काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. लग्नाआधीच जिचा नवरदेव इतक्या मोठ्याने "पसंत हाय" ओरडला, अशी गल्लीत मी एकटीच, असं त्या अजून सांगतात.

मी काकांना ओळखायला लागले ते बियाण्याच्या कंपनीत. मी उगवण तपासणीच्या खोलीत होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, पेटीत ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे, हे माझं काम. काका शेतावरचे. संकरित कपाशीचं बियाणं जिथे तयार होतं, त्या प्लॉटमध्ये नराची ओळ वेगळी आणि मादीची वेगळी लावतात, आणि त्यात परक्या जातीचं एखादं झाड घुसलं असेल तर ते उपटून टाकावं लागतं. याला आमच्यात भेसळ काढणं म्हणतात. काकांसारखा भेसळ काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. बांधावरून चालता चालता ते मधेच थांबायचे आणि बोट दाखवायचे, "हे आपल्या घरातलं न्हाई." आम्हाला सगळी झाडं सारखीच दिसायची. पंधरा दिवसांनी त्या झाडाला वेगळंच फूल यायचं. काका म्हणायचे, "झाडाला विचारायचं न्हाई, बाई. झाडाच्या ओळीला विचारायचं."

याच कामात त्यांच्या मानेने एकदा मोठा घात केला. जाफराबादकडच्या एका प्लॉटवर मजूर बायांनी दुसऱ्या टोकाकडून ओरडून विचारलं, "साहेब, ही वळ ठेवायची ना?" काका इकडून "हो, हो" म्हणत होते, पण वारा उलटा होता. बायांना आवाज गेला नाही, मान मात्र दिसली. तासाभरात त्यांनी नराची अख्खी ओळ उपटून बांधावर रचून ठेवली, आणि मादीच्या ओळी जागच्या जागी विधवा झाल्या. त्या दिवसापासून काकांच्या खिशात दोन रुमाल आले. हिरवा म्हणजे ठेवा, लाल म्हणजे उपटा. ही पद्धत इतकी सोयीची निघाली की ती घरातही शिरली. त्यांची एकुलती एक मुलगी कांचन लहान असताना दारातूनच विचारायची, "बाबा, मैत्रिणीकडे जाऊ?" आणि वर जोडायची, "मान नको, रुमाल!"

तर असे काका निवृत्त झाले, आणि त्यांच्या घरात साप आले.

कांचन आणि जावई पुण्याला होते. जावयाला अजगर पाळायचा नाद. आपल्याकडचे साप पाळायची परवानगी नाही. हे आफ्रिकेतले, बॉल पायथन म्हणतात ते, सरकारदरबारी नोंद केलेले. घाबरले की चेंडूसारखे गोल होऊन बसतात. दोघांना नोकरीसाठी जर्मनीला जायचं ठरलं, साप नेता येईनात, आणि कांचनने बापाला फोन केला. आता तोंडाने नाही म्हणणं काकांना येत असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन पेट्या आणि कागदांची एक जाड फाईल जालन्यात दाखल झाली.

पेट्या उघडल्या तेव्हा मी हजर होते, म्हणजे त्या खोलीच्या उंबऱ्याच्या बाहेर हजर होते. सापाची मला लहानपणापासून भयंकर भीती. पहिल्या पेटीत साधी तपकिरी मादी होती, तिने कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या पेटीतून नर बाहेर आला. सोनेरी अंग, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. इतकं देखणं काही मी कापडाच्या दुकानातही पाहिलेलं नाही. त्याने डोकं वर उचललं, आणि ते डोकं हलायला लागलं. डावीकडून उजवीकडे. मग तिरकं झालं, मग थेट उलटं होऊन छताकडे बघत राहिलं, मग पुन्हा सरळ झालं आणि हलायला लागलं.

"अगबाई, मामंजी!" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

काकूंचे सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती. पण त्या क्षणापासून तो साप घरात मामंजीच झाला. काकू त्याच्या पेटीपुढून जाताना पदर घ्यायच्या. सुरुवातीला चेष्टेने, नंतर सवयीने. नर मामंजी म्हटल्यावर मादी आपोआप सासूबाई झाली. काका दोन दिवस पेटीसमोर पाट टाकून बसून होते. समोर साप मान हलवतोय, अलीकडे काका मान हलवतायत, आणि दोघंही एकमेकांना कशाला तरी नकार देतायत. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "बाई, ही भेसळ न्हाई. हा आपल्याच घरातला हाय."

जावयाने फोनवर सांगितलं, की या जातीत हे डुलणं आई-बापाकडून येतं. ज्याच्या अंगावर ही नक्षी, त्याचं डोकं डुलणार, काहींचं कमी, काहींचं जास्त. नक्षी ठेवून डुलणं काढता येत नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "जावई कंप्युटरवाला हाय. त्याला ओळीतलं काय कळतं?"

मामंजींचं जेवण हा एक सोहळा होता. आठवड्यातून एकदा, रविवारी. पांढरे उंदीर काकांनी घरीच वाढवले होते, आणि मेलेला उंदीर चिमट्यात धरून समोर न्यायचा. काकू म्हणायच्या, "नोकरीभर गोडाऊनात उंदीर मारले, अन् आता घरात पोसून राह्यले!" मामंजी उंदरावर झडप घालायचे आणि ती बरोबर वीतभर बाजूला पडायची. पेटीच्या कडेवर, पाण्याच्या वाटीवर, एकदा काकांच्या मनगटातल्या घड्याळावर. काका शांतपणे चिमटा धरून बसायचे. "चुकू द्या. जल्दी न्हाई आपल्याला." पाचव्या-सहाव्या खेपेला घास लागायचा. एकादशी रविवारी आली तर काकू जेवण सोमवारी ढकलायच्या. मामंजींनी उभ्या आयुष्यात उपास मोडला नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

नागपंचमीला मात्र गोंधळ झाला. गल्लीतल्या बायका लाह्या-दूध घेऊन दारात. काकांनी परोपरीने समजावलं, की तो आफ्रिकेचा आहे, त्याला आपली पंचमी ठाऊक नाही, आणि दूध तर कुठलाच साप पीत नाही. पण काकांची मान बघून त्यांना अडवायचंय की या म्हणायचंय हे कुणाला कळणार? बायका आत आल्या. मामंजी पेटीत डोलत होते. "देव डोलतोय गं!" एकीने हात जोडले, आणि दुसरीने, जिची सून तीन महिन्यांपासून वेगळी राहत होती, हळूच विचारलं, "माझी सून परत येईल का?" मामंजींनी ठामपणे मान हलवली. नाही. बाई मटकन खालीच बसली. तिसरीने घाबरत घाबरत जावयाच्या बदलीचं विचारलं. नाही. मग जी रडारड झाली, ती काकांनी दोन्ही हातांनी हिरवा रुमाल फडकवून थांबवली. सून दिवाळीला परत आली, तरी ती बाई काकांच्या दारावरून जाताना पेटीकडे बघायची नाही.

इथवर सगळी गंमतच होती. डिसेंबरात एका दुपारी कांचनचा व्हिडिओ कॉल आला. मी तिळाच्या वड्या द्यायला गेले होते, म्हणून मीही तिथेच. कांचन नेहमीसारखी बोलत होती, आणि बोलता बोलता मला दिसलं, की तिची मान हलतेय. अगदी बारीक. तिलाही ते माहीत होतं. म्हणाली, "बाबा, मला पण सुरू झालंय." आणि पुढे म्हणाली, "आम्ही बाळाचा विचार करतोय. इथले डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही, दोन्ही सारखंच. मला असं अर्धवट उत्तर नकोय. तुम्ही सांगा. बाळाला हे होणार नाही ना?"

काकांची मान हलली.

"हे तुम्ही नाही म्हणताय, का ती आपोआप हलतेय?" कांचनने विचारलं. "मान नको बाबा. रुमाल दाखवा."

काकांचा हात खिशात गेला आणि खिशातच राहिला. उभ्या आयुष्यात झाडाकडे एकदा बघून रुमाल काढणारा माणूस तो. त्या दिवशी त्यांना दोन्हीतला एकही रुमाल बाहेर काढता आला नाही. शेवटी म्हणाले, "बेटा, मला जरा टाईम दे." कांचन म्हणाली, "दिला. पण तोवर मी काही ठरवणार नाही." फोन बंद झाला. मला तिथे उभं राहवेना, मी वड्यांचा डबा ठेवून निघून आले. रस्त्यात मला रडू आलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वही घेऊन माझ्या दारात. वहीत प्लॉटचा नकाशा काढतात तसा तक्ता होता. नर ओळ मामंजी, मादी ओळ सासूबाई. त्यांची पिल्लं, त्यातलं देखणं पिल्लू पुन्हा साध्या घरात द्यायचं, पुन्हा त्याची पिल्लं, असं सहा पिढ्या. "डुलकी गाळून टाकतो," काका म्हणाले. "नक्षी ठेवतो. एकदा सापात झालं की पोरीला छाती ठोकून सांगतो, की घराण्यातून निघून जातं हे."

"काका, साप कुठे आणि माणूस कुठे?"

"बाई, कपाशीत अन् माणसात बी मला काही फरक दिसला न्हाई."

काकांच्या मागोमाग आलेल्या काकूंनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "एका पिढीला किती दिवस लागतेत?" काका म्हणाले, तीन वर्षं. काकूंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे आठरा वर्षं. तोवर पोरगी पन्नाशीची होईल, अन् तुम्ही वर मामंजींपाशी." काकांनी मान हलवली, पण तशी तर ते नेहमीच हलवत.

पहिल्या पिढीची तयारी त्यांनी प्लॉटसारखीच केली. दोन्ही पेट्या वेगवेगळ्या खोल्यांत, मधलं दार बंद, कारण ठरल्या वेळेआधी ओळी जवळ यायला नकोत. मामंजींच्या पेटीला 'नर' अशी पाटी. थंडी पडली तेव्हा मुहूर्त बघून दोघांना एकत्र सोडलं. मामंजी डुलत डुलत निघाले आणि आधी कोपऱ्यातल्या पाण्याच्या वाटीला आलिंगन देऊन आले. सासूबाई त्यांची वाट बघत गप्प बसून होत्या. काकूंनी तेवढ्यात पडदा ओढला आणि काकांना खोलीबाहेर काढलं. "वडीलधाऱ्यांकडं असं टक लावून पाहत्यात का?"

एप्रिलमध्ये सहा अंडी झाली, आणि इथे माझी पाळी आली. अंड्यांना साठेक दिवस सारखं तापमान हवं, सारखी ओल हवी. काका म्हणाले, "हे तं तुमचंच काम हाय, बाई. उगवण." अंड्याची मला भीती नव्हती. अंडं म्हणजे शेवटी बीच, एवढी समजूत घालून मी तयार झाले. काकांच्या ओसरीवर ठेवलेल्या थर्माकोलच्या पेटीत ओला काथ्याचा भुसा, त्यावर अंडी, प्रत्येकाच्या वरच्या बाजूला काकांनी पेन्सिलीने घातलेला नंबर. जगभरात लोक ही पेटी गरम ठेवायला धडपडतात. जालन्यात एप्रिल-मेमध्ये ती थंड कशी ठेवायची हा प्रश्न. भोवती ओली गोणपाटं, माठाच्या पाण्याच्या बाटल्या, वीज गेली की पुठ्ठ्याने वारा. ऑफिसला जाताना आणि येताना मी थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायची. काकूंनी त्या दोन महिन्यांत घरात कुणाला जोरात बोलू दिलं नाही.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी पहिलं अंडं चिरलं. तपकिरी, साधं डोकं बाहेर आलं. स्थिर. दुसरंही तसंच. तिसऱ्यातून जे डोकं आलं त्यावर सोनेरी रंग होता आणि बारीक काळ्या रेघा होत्या. ते डोकं क्षणभर अगदी स्थिर राहिलं. काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग ते डोकं तिरकं झालं, छताकडे वळलं, आणि हलायला लागलं. काकूंनी पदर घेतला. "आले मामंजी," त्या हळूच म्हणाल्या.

सहापैकी तीन साधे, तीन नक्षीचे. साधे तिन्ही स्थिर. नक्षीचे तिन्ही डुलणारे. काका संध्याकाळपर्यंत एकेकाला बोटावर घेऊन बघत राहिले, बांधावर झाड बघायचे तसे. मग वही मिटली. "एकाच दाण्यात हाय दोन्ही," म्हणाले. "जिथून नक्षी आली तिथूनच डुलकी आली. हे कापून काढायचं म्हणलं तं नक्षी बी जाती." काकूंनी त्यांना हसवायचा प्रयत्न केला, "ह्या वयात मला सहा-सहा दीर-नणंदा झाल्या, त्यांचं काय?" काका हसले नाहीत.

पिल्लांनी पहिली कात टाकली आणि जेवायची वेळ झाली. स्थिर तिघं एका झडपेत जेवले. डुलणाऱ्यांपैकी दोघं तीन-चार खेपा चुकून जेवले. राहिला पाच नंबर. तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त डुलणारा. त्याने पहिली झडप भिंतीवर घातली. दुसरी स्वतःच्या शेपटीवर. तिसरीत तोल जाऊन तो उताणा पडला आणि पोट वर करून आमच्याकडे बघत मान हलवत राहिला. मला हसू आवरेना. आणि हसता हसता लक्षात आलं, की मी सापांच्या खोलीत, उंबऱ्याच्या आत आहे, काकांच्या खांद्यावरून वाकून बघतेय, आणि चिमटा माझ्या हातात आहे. तो केव्हा आला, कुणी दिला, देव जाणे. पाच नंबरने कितव्या तरी खेपेला उंदराची शेपटी पकडली, मग पाय, मग बाकीचा, सगळं उलटीकडून. काकूंनी टाळ्या वाजवल्या. "घास घेतला गं माझ्या बाळानं!" काका त्या पिल्लाकडे बराच वेळ बघत बसले. मग उठले आणि म्हणाले, "फोन लाव पोरीला."

कांचन समोर आली. दोन्हीकडे माना हलत होत्या. काकांनी काही झाकलं नाही.

"बेटा, तीन डुलून राह्यले, तीन न्हाई. मला काही ते वेगळं काढता आलं न्हाई. उभा जन्म भेसळ काढली, पण ही भेसळच न्हाई तं काढू कुठून? तुझ्या डॉक्टरनं सांगितलं ते बराबर हाय." काका पुढे म्हणाले, "पण एक सांगतो. सहाच्या सहा जेवले. एकाला जरा वेळ लागला, बस." आणि त्यांनी खिशातून हिरवा रुमाल काढून कॅमेऱ्यासमोर धरला. मानेबरोबर रुमालही हलत होता, पण हिरवा होता, त्यात काही शंका नाही.

काकू मधे घुसल्या. "अन् माझं बी ऐक. जाफराबादला ह्यांच्या शेजारी मामंजी बसले होते. दोघांच्या बी माना हलताना मी दाराच्या फटीतून पाहिल्या. आमच्या मामांनी तं चपला घातल्या होत्या. बापानं आत येऊन मला विचारलं, अन् मी हो म्हणलं. पाहून म्हणलं, बरं का. कुणी फसवलं न्हाई मला."

कांचन रडत होती आणि हसत होती. डोळे पुसून तिने विचारलं, "आणि सापांची पुढची पिढी?"

काकांनी दुसऱ्या खिशातून लाल रुमाल काढला. "बंद. तुला विचारता येतं, तुझ्या आईला विचारता आलं. ह्यांना कोण विचारणार? नक्षी आपल्याला पाहिजे, अन् डुलायचं त्यानं, हे बराबर न्हाई."

पुढच्याच महिन्यात बाहेरगावचा एक साप पाळणारा माणूस आला. मामंजींना बघून वेडा झाला. म्हणाला, अशी नक्षीची पिल्लं दरवर्षी काढा, जितकी होतील तितकी मी नेतो. काका त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "न्हाई." मानही नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाचं आणि मानेचं एकमत झालं, आणि ते बघायला काकू हातातलं लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सहाही पिल्लं आणि सासूबाई पुण्याला जावयाच्या मित्रांकडे गेली, रीतसर कागद करून. डुलणाऱ्यांची पिल्लं काढणार नाही, हे काकांनी त्यांच्याकडून लिहून घेतलं. मामंजी तेवढे घरी राहिले.

पुढच्या वर्षी कांचनला मुलगी झाली. काकांनी फोनवर तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या मानेकडे बघितलं नाही. "जेवली का?" एवढंच विचारलं.

या जानेवारीत काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी गेले तेव्हा ते उशीवर तसेच होते आणि त्यांची मान हलत नव्हती. माणसं म्हणत होती, किती शांत दिसतायत. मला ते काका वाटेचनात. मी दोनदा विचारलं, "काका, जायचं ठरलं का?" मान हलली असती तर मी सगळ्यांना घरी पाठवलं असतं.

कांचनने काकूंना जर्मनीला नेलं. जाताना काकूंनी हिरवा रुमाल घडी करून पदराला बांधला, नातीसाठी. लाल मामंजींच्या पेटीला बांधला. आणि पेटी माझ्या घरी आणून ठेवली. "सुनंदा, मामंजींची सेवा आता तुझ्याकडं," म्हणाल्या, आणि माझं उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत.

आता दर रविवारी सकाळी मी पेटीसमोर पाट टाकून बसते. आधी ओढणी डोक्यावर घेते. कुणी बघत असलं तर माशी घोंगावतेय असं सांगते. मग चिमटा पुढे करून विचारते, "मामंजी, जेवायचं का?"

मामंजी मान हलवतात. नाही.

मी थांबते. जल्दी नाही आपल्याला. मग जेवतात.